उणे चिन्हाचा जोर

तहसील कचेरीबाहेरच्या चिंचेखाली मी लोकांचे अर्ज लिहून देतो. काल शिपाई येऊन म्हणाला, "काका, उद्यापासून इथं बसायचं नाही. साहेबांचा हुकूम आहे."

दाखल्याची वाट पाहणारी एक कॉलेजकन्या तेव्हा माझ्याच बाकावर भौतिकशास्त्र वाचीत होती. तिच्या पुस्तकात ऊर्जेपुढे उणे चिन्ह दिसले. ऊर्जा शून्याहून कमी कशी असेल, असे मी तिला खडसावून विचारले.

"काका, दोन विद्युत प्रभार अनंत अंतरावर असले की ऊर्जा शून्य धरतात. विरुद्ध प्रभार जवळ आले की ती शून्याखाली जाते. उणे म्हणजे ते एकमेकांना बांधलेले. तोडायचं तर तेवढी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते."

"आणि अधिक असेल तर?"

"मग सारखे प्रभार बळेच जवळ आणलेले. सोडले की पळतात."

"म्हणजे ही कचेरी," मी म्हणालो. शिपाईसुद्धा हसला.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु हा सिद्धांत मी तत्काळ ग्रहण केला. येणाऱ्याजवळ गाऱ्हाणे असते, माझ्याजवळ शब्द. लिहिलेला अर्ज मी मोठ्याने वाचून दाखवतो. आपलेच दुःख नीट मांडलेले ऐकून माणूस मान डोलावतो, मगच अंगठा उमटवतो. त्या क्षणी आम्ही दोघे शून्याच्या पुष्कळ खाली असतो. ज्याचे कोणाशीच काही नाही, तो मात्र नेमका शून्यावर.

आज सकाळी मी टेबल तिथेच मांडले. शिपाई आला तेव्हा समोर एक म्हातारी कान देऊन बसली होती.

"साहेबांना सांगा," मी म्हणालो, "आम्हाला वेगळे करण्याइतका जोर घेऊन त्यांनी स्वतः यावे."

आणि तिचा अर्ज पुढे वाचू लागलो.