दुधीच्या फुलांची वेळ

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा माझी शाळा सुटून दोन वर्षं झाली होती. मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. ती दोन वर्षं घरात एकटीने मी किती सुखात काढली, हे मला ह्यांनी घरी बसायला सुरुवात केल्यावर कळलं.

सबंध नोकरी ह्यांची क्वालिटी खात्यात गेली. दुसऱ्याने बनवलेली वस्तू हातात घ्यायची, व्हर्नियरच्या चिमट्यात धरून मोजायची आणि केसभर फरक निघाला तरी ती लाल पेटीत टाकायची, हे त्यांचं काम. घरात मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या भाकऱ्या धरल्या.

"ही कड जरा जाड झालीये," एकदा भाकरी उजेडासमोर धरून ते म्हणाले. "चव चांगली आहे. मी फक्त निरीक्षण सांगतोय."

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ते डाळीच्या डब्यांची तोंडं एका रेषेत लावत होते, तेव्हा मात्र मी म्हणाले, "अहो, वर गच्ची रिकामी पडलीये. तिथे ऊन आहे, वारा आहे. काय मोजायचं ते तिथे जाऊन मोजा."

बागकामाची प्रेरणा त्यांना निसर्गातून मिळाली, असं ते हल्ली लोकांना सांगतात. ती अशी मिळाली.

त्यांनी रंगाचे रिकामे डबे गोळा केले, बुडाला भोकं पाडली, आणि येवल्याजवळच्या गावाहून त्यांच्या वहिनीने दिलेलं दुधीचं बी लावलं. जुलैचे दिवस होते. मातीत घालायला खत हवं म्हणून स्वयंपाकघरातला ओला कचरा घंटागाडीत टाकायला बंदी आली. तोवर कचरा हा कचरा होता. आता त्याचीही तपासणी सुरू झाली. लिंबाची सालं जास्त नकोत, चहाचा चोथा धुऊन हवा, आमटीतला कढीपत्ता चालणार नाही कारण त्याला तेल लागलेलं असतं. निवृत्त माणसाला ताटातून काढलेला कढीपत्ता नळाखाली धुताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण खत झालं, आणि चांगलं काळंभोर झालं. वर जाऊन मी चिमूटभर हातात घेतलं, तर त्याला शेतातल्या मातीसारखा वास येत होता. हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्यांचं माझ्या भाकऱ्यांकडे लक्ष नव्हतं, आणि मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

वेल मात्र सुसाट सुटला. ह्यांनी जुने पाइप आणि कपडे वाळत घालायची दोरी वापरून त्याला मांडव करून दिला. दिवसभर उन्हात काम होत नाही म्हणून संध्याकाळी पाहणी करायची, आणि पाहणीला उजेड हवा म्हणून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर एक मोठा फोकस बसवला. तो लावला की आमची गच्ची क्रिकेटच्या मैदानासारखी दिसायची. सोसायटीचे चेअरमन वर येऊन म्हणाले, "काका, वीज तुमच्याच मीटरवर आहे ना? आणि स्लॅबला ओल आली तर बघा हं."

"डब्याखाली विटा आहेत, विटांखाली ताडपत्री आहे," ह्यांनी सांगितलं. चेअरमन वाकून खरोखरच ताडपत्री बघून गेले.

ऑगस्टच्या शेवटी वेलाला फुलं आली. पांढरी, मऊ, पातळ कागदासारखी. काही फुलांच्या खाली बोटाएवढा लहानसा दुधी आधीच तयार असायचा. हे रोज मला हात धरून वर नेत आणि दाखवत. आणि मग तीन-चार दिवसांत तो बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळून जाई. असे गळलेले दुधी ते खाली आणत आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून त्यांच्याकडे बघत बसत.

"सगळे रिजेक्ट," ते म्हणायचे.

त्यांनी वेलाला ताक घातलं. हिंगाचं पाणी शिंपडलं. राख टाकली. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी कपडे काढायला वर आल्या. त्या घरी ब्लाउज शिवतात, मूळच्या मालेगावच्या. त्यांनी हवेत वास घेतला आणि मला हळूच विचारलं, "दीदी, इथे कोणी कढी केली का?"

शेवटी ह्यांनी मोबाइलवर एका माणसाचे व्हिडिओ पाहिले आणि त्यांना रोगाचं कारण समजलं. दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. नरातला पराग मादीवर पोहोचला नाही, तर फळ धरत नाही. ही फुलं उमलतात संध्याकाळी आणि सकाळी मिटून जातात, त्यामुळे दिवसा येणाऱ्या मधमाश्यांचा फारसा उपयोग नाही. तेव्हा पराग आपणच पोहोचवायचा.

नातीने आमच्याकडे विसरलेला रंगकामाचा ब्रश त्यांनी ताब्यात घेतला. दिवेलागणीला फोकस लावायचा, चष्मा पुसायचा, आणि या फुलातून त्या फुलात ब्रश फिरवायचा. इतक्या हळुवारपणे त्यांनी कधी माझ्या हातातली जड पिशवीसुद्धा घेतली नव्हती.

"भाईसाब फुलांना काजळ लावतात का?" भाभींनी विचारलं.

"लग्नं लावतात," मी म्हणाले.

हे त्यांनी ऐकलं, पण काम थांबवलं नाही.

आणि फळं धरली. ते मान्य करायलाच हवं. पहिला दुधी हातभर झाला तेव्हा मी सुरी घेऊन वर गेले, तर हे त्याला व्हर्नियर लावून उभे. दुधी व्हर्नियरमध्ये मावत नव्हता. अजून वाढतोय, वाढू दे, म्हणत त्यांनी तो कापू दिला नाही, आणि वाढता वाढता तो असा निबर झाला की बियांसाठी ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. दुसरा मी ते आंघोळीला गेल्यावर कापला. त्याची भाजी केली, सालीची तीळ घालून चटणी केली. जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"बाजारातला असा लागत नाही," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. दुधीला स्वतःची गोडसर चव असते, हे मी इतकी वर्षं स्वयंपाक करून विसरून गेले होते.

दसऱ्याच्या आसपास ह्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, की काही आठवडे वाकायचं किंवा जिने चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी ह्यांनी शांतपणे ऐकल्या. तिसरीला चेहरा उतरला.

"फुलं थांबणार नाहीत ना," ते मला म्हणाले. ऑपरेशन होऊन घरी आले होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. "तू जाशील?"

"जाईन की."

"आधी नर फूल. लांब देठाचं. ब्रश आत फिरवायचा, दाबायचा नाही."

"मी पस्तीस पोरांच्या वर्गाला परागीभवन शिकवलंय."

"ते फळ्यावर," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ब्रश घेऊन वर गेले. फोकसचं बटण टाकीच्या मागे उंचावर होतं आणि माझा हात तिथे पुरेना, म्हणून मी फोकस बंदच राहू दिला. खरं म्हणजे तो उजेड मला कधीच आवडला नव्हता. सूर्य नुकताच पांडवलेण्यांच्या डोंगराकडे उतरला होता आणि आकाश फिकट होतं. मी उलट्या बादलीवर बसले. बसले, आणि माझ्या समोर एक कळी उघडली. नकळत नाही, चांगली दिसेल अशी. घडी घातलेला रुमाल सैल पडावा तशी. शेजारी दुसरी उघडली. मी इतकी वर्षं शाळेतून घरी येऊन याच वेळी कुकर लावत आले होते.

मग कानाशी पंख्यासारखा आवाज आला. मला वाटलं भुंगा आहे, म्हणून पदर डोक्यावर घेतला. तो होता एक जाडजूड राखाडी पतंग, माझ्या अंगठ्याहून मोठा. फुलावर तो बसला नाही. फुलासमोर हवेतच उभा राहिला आणि सुतासारखी लांब सोंड त्याने आत घातली. मग दुसऱ्या फुलाकडे गेला, मग तिसऱ्या. मांडवाखालून वर, वरून पलीकडे. थोड्या वेळाने त्याच्यासारखाच आणखी एक आला. मी ब्रश हातात धरून बसून राहिले. काम चालू असताना मध्ये हात घालणं मला बरं वाटेना.

खाली आले तेव्हा हे दारातच उभे होते.

"झालं?"

"झालं. पण मी नाही केलं. पतंग आला होता."

"पतंग?" येवल्याकडच्या माणसाला पतंग म्हटलं की एकच आठवतो. "संक्रांतीला अजून किती अवकाश आहे."

"अहो, उडवायचा नव्हे. दिव्यावर येतो तो. मोठा होता. सगळ्या फुलांत जाऊन आला."

ते जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "मग मी दीड महिना वर उभा होतो, तेव्हा हा कुठे होता?"

"तुमच्या फोकसभोवती फिरत असेल. रोज तिथे किती पाखरं गोळा व्हायची आणि भिंतीवरच्या पाली किती माजल्या होत्या, आठवा जरा."

ते पलंगावर जाऊन बसले. दिव्यामुळेच फळं गळत होती, असं मी आजही छातीठोकपणे सांगत नाही. मी मराठी आणि परिसर अभ्यास शिकवणारी बाई, संशोधक नव्हे. पण पुढचे आठ-दहा दिवस मी रोज दिवा न लावता वर बसले, एकाही फुलाला हात लावला नाही, आणि मांडवाखाली नवे दुधी एकामागून एक लांबू लागले. रोज खाली येऊन मी त्यांना सांगायचे आणि ते म्हणायचे, "योगायोग असू शकतो." क्वालिटी खात्यातला माणूस एवढ्यावर सही करत नाही.

डॉक्टरांनी जिने चढायची परवानगी दिली त्या दिवशी ते स्वतः वर आले. मी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. अंधार पडत होता आणि त्यांनी काळा चष्मा लावलेला होता.

"तो काढा आता. काय दिसणार आहे?"

"धूळ जाईल."

"मग मला विचारू नका पतंग कुठे आहे."

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आम्ही बसून राहिलो. बराच वेळ कोणी आलं नाही, आणि मला चक्क काळजी वाटायला लागली, पाहुणे जेवायला येऊन आमटी कमी पडावी तशी. मग पंखांचा आवाज आला. ह्यांनी माझं मनगट धरलं. पतंग त्यांच्या अगदी समोरच्या फुलापाशी थांबला. नव्या डोळ्याने त्यांना तो बहुधा माझ्याहून स्पष्ट दिसत असावा. तो गेल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही.

"फार हलक्या हाताने करतो," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कारखान्यात कोणाचं केलं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर फोकस उतरला आणि पार्किंगमध्ये गेला. चेअरमन खूश झाले. पण ते सुख फार काळ टिकलं नाही, कारण आता दुधी इतके येऊ लागले की घरात ठेवायला जागा उरेना. आम्ही दुधीची भाजी, दुधीचे मुटके, दुधीचं थालीपीठ, दुधीचं भरीत खाल्लं. भाभींना दिले, त्यांनी हलवा करून अर्धा आम्हालाच परत पाठवला. जिन्यात ह्यांच्या पायांचा आवाज आला की लोक दार लोटून घेऊ लागले. चेअरमनना तर त्यांनी पार्किंगमध्येच गाठलं.

"काका, परवाचाच अजून आहे," चेअरमन म्हणाले.

"हा वेगळा आहे. ह्याच्या फुलावर पतंग आलेला मी स्वतः पाहिलाय."

चेअरमननी दुधी घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बायकोला घेऊन वर आले आणि आमच्या खुर्च्यांवर बसले. आम्ही उभे राहिलो.

थंडीत वेल वाळला. ह्यांनी तो कापून, बारीक तुकडे करून खताच्या डब्यात घातला. संक्रांत झाल्यावर त्याच डब्यांत लाल भोपळा लावला. आता त्याला पिवळी फुलं येऊ घातलीत, आणि परवा त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून मला विचारलं, "ही कधी उमलतात गं?"

"भल्या पहाटे," मी सांगितलं.

मी सहज बोलून गेले आणि फसले. आता उजाडायच्या आत ते मला हलवून उठवतात. गार वारा सुटलेला असतो, माझ्या अंगावर शाल आणि त्यांच्या हातात चहाचा थर्मास. मी खुर्चीत डुलक्या घेते आणि ते कोपराने ढोसून म्हणतात, "झोपू नकोस, मधमाश्या यायची वेळ झाली."