टिटवीचा पहिला आवाज

आमच्या पहिल्या कार्टून मालिकेतल्या टिटवीचा आवाज बदलायला मला कुणीही सांगितले नव्हते. चॅनलने सांगितले, असे मी दहा-बारा वर्षे सांगत आलो. भागीदाराला सांगितले, बायकोला सांगितले, आणि जिचा तो आवाज होता त्या माझ्या थोरल्या बहिणीलाही सांगितले. इतक्या वेळा सांगून झाल्यावर मधूनमधून मलाही ते खरे वाटू लागे. ते खरे नव्हते, एवढे आरंभीच कबूल करतो. कारण या स्टुडिओविषयी मला जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे आनंदाचे आहे, आणि ही एक गोष्ट दडवून ते सांगणे आता मला जमणार नाही.

आमचा स्टुडिओ बारामतीत, इंदापूर रस्त्याला, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर आहे. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. माझा भागीदार दुकानांच्या पाट्या रंगवत असे. छापील फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश सुकला. मग आम्ही दोघांनी एक जुना संगणक घेतला आणि चित्रे हलवायला शिकलो. आज आठ माणसे तिथे काम करतात. टीव्हीसाठी एक मालिका झाली, तिचे दुसरे पर्व झाले. दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत दाखवायचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे तर किती केले ते आठवत नाही. आता बहुतेक काम वेबवर जाते: अंकांची गाणी, उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या छोट्या फिती, ठिबकच्या नळ्या तुंबल्या तर काय करावे हे सांगणारा एक बेडूक. या बेडकाला शेतकऱ्यांचे फोन येतात, याचा मला मनापासून अभिमान आहे.

या धंद्यात चित्र आधी होत असेल असे लोकांना वाटते. आधी आवाज होतो. पात्रांची वाक्ये कुणाकडून तरी तात्पुरती बोलून घ्यायची. त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. मग तो आवाज ऐकत ऐकत पात्राचे तोंड काढायचे. ‘म’ला ओठ मिटलेले, ‘ओ’ला गोल, ‘आ’ला उघडे. सगळे चित्र पुरे झाले की हवा तर कच्चा आवाज काढून तिथे कसलेल्या कलाकाराचा घालायचा.

पहिल्या मालिकेत एक टिटवी होती. ती शेतात जमिनीवर अंडी घालते आणि साऱ्या शिवाराशी भांडते. तिच्या कच्च्या आवाजासाठी मी आक्काला, माझ्या बहिणीला, कळंबहून बोलावले. तिची तिथे डाळिंबाची बाग आणि थोडी भाजी आहे. लहानपणी ती मला टिटवीची नक्कल करून दाखवी, आणि तिच्या रानात नांगरट करताना दाजी अजूनही टिटवीच्या अंड्यांभोवती सूपभर जागा सोडतात, त्यामुळे तो विषय तिला शिकवावा लागला नाही.

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे दुकानदाराची जुनी कोठी. पहिल्या दिवशी आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला. आक्काने कान देऊन ऐकले आणि म्हणाली, “आरं, रिकाम्या रांजणात बोलल्यागत वाजतंय की. गोधड्या लाव.” पुढच्या आठवड्यात ती टेम्पोतून सहा गोधड्या घेऊन आली, स्वतः शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या. त्या आम्ही भिंतींना ठोकल्या. आवाज एकदम मऊ, जवळचा येऊ लागला. त्या गोधड्या आजही तिथेच आहेत.

मग ती माइकसमोर बसली. मी लिहिलेला कागद तिने एकदा वाचला, खाली ठेवला आणि ओरडली, “ए ट्रॅक्टरवाल्या! डोळं हायत का बटणं? हितं माझी अंडी हायत न्हवं! वळीव तिकडनं!”

मी लिहिलेल्या वाक्यात बटणे नव्हती. भागीदार हसता हसता खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, “आक्का, आता तुमच्या आवाजावर चोच काढायची म्हंजी मला चोचीत दात काढावं लागतील.”

“काढा की,” आक्का म्हणाली. “तुमच्या पाट्यांवरच्या बायकांना तरी कुठं मान असायची?”

सगळ्या भागांची वाक्ये तिने बोलून दिली, आणि भागीदाराने तीन महिने त्या आवाजावर चोच काढली. तितके जिवंत काम त्याने नंतर केले असेल, पण आधी केले नव्हते.

पहिले तीन भाग घेऊन मी एकटाच मुंबईला चॅनलच्या कचेरीत गेलो. गार खोली, लांब टेबल, समोर चार माणसे. टिटवी ट्रॅक्टरवाल्यावर ओरडली आणि त्यांतल्या मुख्य बाई खळखळून हसल्या. “कोण आहेत या?” त्यांनी विचारले.

तो हसण्याचा आवाज मी चुकीचा ऐकला असे म्हणणार नाही. त्या आनंदाने हसत होत्या हे मला तेव्हाही दिसत होते. तरीही त्या खोलीत ‘हायत’ आणि ‘हितं’ ऐकताना माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मी म्हणालो, “तात्पुरता आवाज आहे, मॅडम. बदलणार आहोत आम्ही.”

“पण आहेत कोण या?”

“गावाकडच्या आहेत एक बाई,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या भागाकडे वळल्या. एवढेच घडले. पुण्याच्या एका गुणी अभिनेत्रीकडून मी तो आवाज पुन्हा करून घेतला. ती म्हणाली, “अहो ट्रॅक्टरवाले, डोळे आहेत की बटणं? इथे माझी अंडी आहेत ना!” तिचा काहीच दोष नव्हता. मालिका चालली, मुलांना आवडली. फक्त आम्हा दोघांना दिसत राहिले, की आवाज थांबल्यावरही चोच क्षणभर उघडीच राहते आहे. भागीदार प्रत्येक भागाला पुटपुटे, “आवाज पुण्याचा आन् चोच कळंबची.” पण चॅनलचीच इच्छा म्हणून त्याने ते सोसले.

आक्कालाही मी फोनवर तेच सांगितले, की चॅनलने आवाज बदलायला लावला. ती म्हणाली, “बराबर हाय त्यांचं. टीव्हीवर आपलं बोलणं कसं चालंल? मीच येडी, बोलून गेले मनाचं.”

यावर मी, “तसं नाही गं,” असे काहीसे म्हणालो आणि डाळिंबाचा विषय काढला.

पुढचा फरक माझ्या हळूहळू ध्यानात आला. भाऊबीजेला गेलो तर ताट वाढताना ती म्हणाली, “भाजी तिखट आहे का रे? दही आहे, देऊ?” ती ‘आहे’ म्हणाली. दाजींशी बोलताना ‘हाय’, शेजारणीशी ‘हाय’, आणि माझ्याकडे तोंड वळले की ‘आहे’. शाळेतली मुलगी पाठ म्हणताना जशी चाचपत बोलते तशी ती माझ्याशी बोलू लागली होती. टिटवीची नक्कल तिने पुन्हा केली नाही. तिच्या नाती मागे लागल्या की म्हणे, “ती टीव्हीतली बाई चांगली करते, तिची बघा.”

आमच्या घरात तोंडाने माफी मागण्याची रीत नाही. वडील चुकले की काही न बोलता आईला पाणी ओढून देत. भावंडांत भांडण झाले, तर ज्याचे चुकले त्याने दुसऱ्याच्या ताटातली उरलेली भाकरी मागून खायची, संपला विषय. मीही त्याच वाटेने गेलो. मालिकेच्या शेवटी ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली तिचे नाव घातले. प्रत्येक भाऊबीजेला गेलो. तिच्या हातची दुसरी भाकरी मागून खाल्ली. पण ज्याला चूक झाल्याचेच ठाऊक नाही त्याला अशी भाकरी खाऊन काही कळवता येत नाही. ती समजे, भावाला भूक लागली आहे.

गेल्या वर्षी त्या मालिकेचे हक्क मुदत संपून आमच्याकडे परत आले आणि ती वेबवर टाकायचे ठरले. आमच्याकडे भिगवणची एक मुलगी संपादनाचे काम पाहते. तिचे वडील मासळीच्या व्यापारात आहेत आणि तिचा स्वतःचा आवाज लिलावात पुकारा करण्याजोगा आहे. जुन्या डिस्क चाळताना तिला कच्चा आवाज सापडला. तिने कुणालाही न विचारता तो चित्राखाली लावला आणि आम्हा दोघांना हाक मारली.

पडद्यावर टिटवी ओरडली. ‘हायत’च्या शेवटी चोच बरोबर मिटली. ‘न्हवं’ला ती गोल झाली. इतक्या वर्षांनी चोच आणि आवाज एका जिवाचे झाले. भागीदार चष्मा काढून पुसू लागला.

“सर, असला आवाज सोडून त्या चॅनलनं दुसरा घेतला?” मुलगी म्हणाली. “ती मानसं भैरी व्हती का?”

मी म्हणालो, “चहा सांगतो.” आणि खाली उतरलो.

सगळी मालिका आक्काच्या आवाजात वेबवर टाकायची, हे त्या दोघांनी मी चहा घेऊन येईपर्यंत ठरवूनही टाकले होते. फक्त दोन भागांचा कच्चा आवाज खराब झाला होता, तेवढी वाक्ये पुन्हा बोलून हवी होती. मुलीने परस्पर आक्काला फोन केला. आठवड्याने, सकाळी दहाच्या सुमारास, आक्का जिना चढून वर आली. हातात पेरूंची पिशवी, अंगावर ठेवणीतले पातळ. खोलीत शिरताच तिने पहिल्यांदा गोधड्या पाहिल्या. एकीचे टोक उचलून म्हणाली, “धुतल्या नाहीत कधी?”

“धुतल्या की आवाज बदलंल, आक्का,” भागीदार म्हणाला.

ती माइकसमोर बसली. काचेच्या अलीकडे आम्ही तिघे. मुलीने खूण केली, आणि आक्का सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हणाली, “अहो आजोबा, त्या बांधावर जाऊ नका. तिथे माझी पिल्ले आहेत.”

मुलीने माझ्याकडे पाहिले, मग बटण दाबून आत बोलली, “आक्का, असं न्हाय. त्या येळी बोललाव तसं बोला.”

“तसं चालत नाही, बाळा,” आक्का समजुतीने म्हणाली. “चॅनलवाल्यांनी मागे काढलं होतं ते. मला ठाऊक आहे. मी नीट बोलते, तुम्ही काळजी करू नका.”

तिने तीनदा ते वाक्य म्हटले. प्रत्येक वेळी अधिक नीट. प्रत्येक वेळी टिटवी अधिकच मेलेली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती हसण्याचा प्रयत्न करत होती. परीक्षेत कुठला प्रश्न चुकतो आहे हे न कळणाऱ्या मुलीसारखा तो चेहरा मला काचेतून पाहवेना. आता मी गप्प राहिलो तर ही असेच समजत घरी जाणार, की दुसऱ्यांदाही आपलाच आवाज कमी पडला.

मी मुलीचा हात बाजूला केला आणि बटण दाबले. “आक्का, चॅनलनं काही सांगितलं नव्हतं.”

ती काचेकडे पाहू लागली. “मग कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच बदलला.”

माझ्या मागे भागीदाराची खुर्ची करकरली. आक्काने पदराने कपाळ पुसले.

“म्हंजी,” ती म्हणाली, “इतकी वर्सं मी तुझ्याम्होरं ‘आहे आहे’ करत जीभ वाळवली, ती फुकाट व्हय?”

मुलगी फस्सकन हसली. “तू हसू नगं गं,” आक्का तिला म्हणाली. “ह्या सायेबाम्होरं भाकरी वाढताना मला घाम फुटायचा. तुला काय म्हाईत.” मग तिने माइक स्वतःकडे ओढला. “लाव तुझं मशीन.”

आणि ती ओरडली, “ओ आबा! त्या बांधावं पाय दिऊ नगा! पिल्लं हायत माझी तितं, भुईमुगाच्या शेंगा न्हाईत!” राहिलेली सगळी वाक्ये तिने एका दमात संपवली. एकही पुन्हा घ्यावे लागले नाही.

काम आटोपल्यावर ती बाहेर आली, पिशवीतून पेरू काढून तिने प्रत्येकाच्या हातात एक दिला, माझ्याही दिला. आमच्या घरच्या रीतीने ते मिटले होते. भागीदारही एवढेच म्हणाला, “तीन महिने चोच काढली व्हती मी, लेका,” आणि पेरूला दाताने चावा घेतला. मी तो पेरू खाल्ला असता तर कुणीच पुढे काही विचारले नसते.

पण मी अर्धेच सांगितले होते. पेरू टेबलावर ठेवून मी तिच्यासमोर उभा राहिलो, तर ती म्हणाली, “काय रं? गोड न्हाय व्हय?”

“आक्का, त्यांनी मला विचारलं होतं, या कोण आहेत म्हणून. त्यांना तुझा आवाज आवडला होता. मी सांगितलं, गावाकडच्या एक बाई आहेत. माझी बहीण आहे, असं मी म्हणालो नाही. मला लाज वाटली. आवाजात काही उणं नव्हतं, उणं माझ्यात होतं. माझं चुकलं, आक्का. मला माफ कर.”