कुतुबभाईंच्या घशातला गोळा

रहिमतपुरात कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या दुकानात सेल लागला, कुणी वारलं, तर ते गावाला कुतुबुद्दीन आतारांच्या तोंडून कळायचं. रिक्षाच्या टपावर भोंगा, हातात माईक, अठ्ठावीस वर्षं हेच काम.

एका मंगळवारी चहा पिऊन ते रिक्षात बसले आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. सुपारीएवढं. त्यांनी बायकोला, परवीनला सांगितलं. तिनं भाकरीचा कोरडा तुकडा दिला, मग केळं, मग भाताचा घट्ट मुटका. सगळं सुरळीत खाली गेलं. गोळा जागेवर राहिला.

नवल म्हणजे जेवताना तो नसायचा. हात धुतला की परत हजर. म्हणून कुतुबभाई दिवसातून पाच वेळा जेवू लागले. दोन महिन्यांत चार किलो वाढले.

"दुखण्यानं माणूस वाळतं," परवीन म्हणाली. "तुमच्या शर्टाची बटणं लागंना झाल्यात."

मधल्या काळात खाकरणं सुरू झालं होतं. एका म्हाताऱ्या पैलवानाच्या निधनाची घोषणा करताना ते सात वेळा खाकरले. संध्याकाळी पैलवानाचा मुलगा घरी आला, हात धरून म्हणाला, "आमच्या अण्णांवर तुमचा एवढा जीव हुता, आमाला ठावंच न्हवतं." कुतुबभाईंनी त्या अण्णांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि खाकरले.

कुतुबभाईंचे थोरले भाऊ घशाच्या कॅन्सरनं गेले होते. एका दुपारी ते परवीनला कपाटाजवळ बोलावून म्हणाले, "रिक्षाची कागदं हितं असत्यात. विम्याची या पिशवीत."

"मला कशाला सांगताय?"

"असंच."

दुसऱ्या दिवशी परवीननं त्यांना रेल्वेत बसवून सांगलीला नेलं.

घशाच्या डॉक्टर उमाताई त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, गाठ नाही. जखम नाही. काहीही नाही."

"मग हाय ते काय हाय?"

"जाणवतंय ते खरं आहे. गोळा मात्र नाही. घशाचे स्नायू आवळले की असं होतं. काळजीनं वाढतं."

"न्हाईच म्हणल्यावर काढायचं कसं?"

"काढायचं नाही. खाकरायचं नाही, सारखा आवंढा गिळून बघायचं नाही. तसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा. घास अडकला, दुखलं किंवा वजन उतरलं, तर लगेच यायचं."

"वजनाची काळजी करू नका," परवीन म्हणाली.

सांगली स्टेशनवर कुतुबभाई बाकावर बसले आणि बराच वेळ रुमाल डोळ्यांना लावून होते. परवीन दुसरीकडं बघत राहिली.

त्यानंतर ते खाकरायचं सोडून पाणी पिऊ लागले. भोंग्यावरून आवाज यायचा, "उद्या सकाळी नळाला पाणी..." आणि मग शांतता. बायका हातातलं टाकून दारात यायच्या. आळीच्या आळी थांबायची. घोट घेऊन कुतुबभाई सांगायचे, "येणार नाही."

गोळा कमी झाला, गेला नाही. कधी आठवडा आठवडा फिरकायचा नाही. मग परवीन विचारायची, "आज हाय का?" ते म्हणायचे, "न्हाई," आणि खात्री करायला आवंढा गिळायचे. की आलाच.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारपेठेतला धान्यवाला नाथाजी रिक्षाजवळ आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "भाई, मलाबी हाय. घशात. घरी सांगितलं न्हाई."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"आधी दाखवायचं," कुतुबभाई म्हणाले, आणि त्या आठवड्यात स्वतः त्याला सांगलीला घेऊन गेले. उमाताईंनी दुर्बीण घातली. नाथाजीच्याही घशात काही निघालं नाही.

परतीच्या गाडीत नाथाजी गाल फुगवून बसला होता. ताकारी स्टेशन गेल्यावर एकदाचा बोलला, "एवढ्या लांब आलो, आन काईच न्हाई म्हणत्यात."

"पयले चार दिवस राग येतो," कुतुबभाई म्हणाले.