मोटर, मिस कॉल आणि आबा

मला तिरकस वाक्यं सुचतात, आणि सुचली की स्टेटसला टाकल्याशिवाय चैन पडत नाही. नोकरी एमआयडीसीत, त्यामुळे कच्चा माल भरपूर. ‘मशिन बिघडलं की इंजिनिअर धावत येतो, माणूस बिघडला की एचआरचा मेल येतो’ हे माझंच. ‘घड्याळ आता भिंतीवर नसतं, अंगठ्यात असतं’ हेही माझंच, पंचिंगला उशीर झाला त्या सकाळी सुचलेलं. कॅन्टीनमध्ये लोक ताट घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

वडगाव रासाईला आमचा ऊस आहे. नदीवरच्या मोटरला मी मोबाईल स्टार्टर बसवून घेतला. कंपनीतून मिस कॉल दिला की मोटर चालू. मग पाणी आलं का, एवढं विचारायला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन. ते उचलायचे नाहीत. एकदा वैतागून मी लिहिलं, ‘आमची मोटर एका मिस कॉलला ऐकते. आबांना कितीही कॉल करा, ते ऐकत नाहीत.’

आबा का उचलत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही. ते कडबाकुट्टीच्या मशिनवर चारा कापत असतात, त्या आवाजात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. नाहीतर चिखलात उभं राहून उसाला दारं धरत, म्हणजे सरीसरीत पाणी फिरवत असतात. त्याच घरात वाढलोय मी. पण हे लिहिलं असतं तर कोण हसलं असतं?

हसले मात्र सगळे. चुलतभावानं ते गावात चहाच्या टपरीवर आबांसमोरच मोठ्यानं वाचलं आणि मला कळवलं, “आबा बी लई हसलं.” मी खूश.

त्यानंतर आबा पहिल्याच रिंगला फोन उचलायला लागले. मला वाटलं, सुधारले. रविवारी गावी गेलो तर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीनं गळ्यात अडकवलेला. आई म्हणाली, “जेवताना बी ताटापाशी ठेवत्यात. कुट्टी करायची म्हंजी मला फोन धरून लांब उभं करत्यात. पोराचा फोन यायचा म्हणं.” ती हसत सांगत होती. मला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

आबांना ‘चुकलं माझं’ म्हणायचं होतं. दिवसभर त्यांच्या मागं मागं फिरलो, पण म्हटलं नाही. चार माणसांत थट्टा करताना लाज वाटली नव्हती, एकट्यात माफी मागताना वाटली.

सोमवारी जेवणाच्या सुटीत कॅन्टीनबाहेर येऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“चालू हाय मोटर. पानी आलंय,” आबा म्हणाले आणि ठेवायला लागले.

“आबा, मोटरचं नाही. तुमच्याशीच बोलायचं होतं.”

आबांचा आवाज एकदम खाली आला.

“का रं? काय झालं? पोरंबाळं बरी हायेत न्हवं?”