आर्कचा निकाल सांगायचा नाही

ऑक्टोबरचा पहिला रविवार झाला की आमच्या पुण्याच्या घरात एक नियम लागू व्हायचा: निकाल सांगायचा नाही. निकाल परीक्षेचा नाही, निवडणुकीचाही नाही. पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर त्या दिवशी घोड्यांची एक शर्यत होते, तिचा.

बाबा रेसकोर्सवर घोड्यांचे डॉक्टर होते. जन्मात कधी घोड्यावर पैसे लावले नाहीत, पण ही शर्यत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिचं पूर्ण नाव प्री द लार्क द त्रिऑम्फ, पॅरिसच्या विजयकमानीवरून ठेवलेलं. बाबा नुसतं 'आर्क' म्हणायचे. आई म्हणायची, "तुमची ती कमानीची शर्यत."

तेव्हा बघायची सोय कुठली? इंग्लंडहून एक मासिक रेसकोर्सवर यायचं, तेही दिवाळीच्या सुमाराला. तोवर बाबा पेपरातलं खेळांचं पान उघडायचे नाहीत. मासिक आलं की फराळाची बशी शेवटच्या परिच्छेदावर ठेवून वरून एकेक ओळ मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, "एवढं गुपित तर माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं." एका वर्षी मुंबईच्या मामाने दारातच जिंकलेल्या घोड्याचं नाव सांगून टाकलं. भाऊबीज झाली, जेवणं झाली, बाबा त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मामाला शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं.

आई गेल्यावर मी बाबांना अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला माझ्याकडे आणलं. सहा महिन्यांसाठी, असं त्यांना सांगितलं. कायमचं, असं मनात ठरवलं. एकुलती एक मुलगी मी, नवरा इथे गाड्यांच्या कंपनीत, मी सॉफ्टवेअरमध्ये. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस तिकडे फ्लॅटमध्ये एकटा राहणार, हे मला झेपत नव्हतं. रात्री फोन वाजला की नाव बघायच्या आधीच मी उठून बसायचे.

बाबा रमले, असं मला वाटलं. मराठी मंडळात एका रिटायर्ड डॉक्टरकाकांनी विचारलं, "तुमची स्पेशालिटी कोणती?" बाबा म्हणाले, "घोडे." काका आधी खो खो हसले, आणि महिनाभरात आपला गुडघा दाखवायला घरी आले.

संध्याकाळी आम्ही आमच्या वसाहतीतल्या तळ्याभोवती चालायचो. बाबांना बोलायला एकच विषय. "पहिलं महायुद्ध संपलं. माणसंही मेली होती आणि घोडेही. तेव्हा ही फ्रेंच मंडळी म्हणाली, जगभरातले उत्तम घोडे बोलावू. एकोणीसशे वीस साली सुरू झाली. दुसऱ्या युद्धात दोन वर्षं बंद, आणि मग जर्मन पॅरिसमध्ये ठाण मांडून बसलेले असतानाही झाली. आता बोल!" मी तोंड उघडायच्या आत पुढचं सुरू व्हायचं. "खच्ची केलेला घोडा चालत नाही बरं का. पुढची पिढी कोणापासून काढायची हे ठरवायची शर्यत आहे ती. जपानी लोक बिचारे विमानं भरभरून जातात, अजून हाती काही नाही. तुमच्या अमेरिकेचंही तेच. तुमचे घोडे मातीवर पळणारे, डावीकडे वळणारे. तिथे गवत, आणि उजवीकडे वळायचं, आपल्या पुण्यासारखं."

तुमची अमेरिका. आपलं पुणं. मी ऐकत होते, पण कानाआड करत होते.

ऑगस्टमध्ये मी खालची ऑफिसची खोली रिकामी केली. पलंग आणला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, खिडकीत तुळस ठेवली. बाबांना म्हटलं, "ग्रीन कार्डसाठी फाइल करू या का?"

"बघू," बाबा म्हणाले.

मराठी घरात 'बघू' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. सहलीला जाऊ? बघू. कुत्रं आणू? बघू. त्यानंतर सहलही झाली नाही आणि कुत्रंही आलं नाही. पण वीस वर्षं मी अशा लोकांत काढली जे 'नाही' म्हणायचं तेव्हा सरळ नाही म्हणतात. 'नाही' आलं नाही, म्हणून मी 'हो' धरून चालले. नवरा म्हणाला, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! त्यांना नीट विचार ना एकदा." मी म्हटलं, "तू गप रे. माझ्या बाबांना मी ओळखते."

आर्कच्या आदल्या दिवशी मंडळाचा भोंडला होता. खिरापत वाटताना मी सगळ्यांना सांगून टाकलं, बाबा आता इथेच. पार्किंगमध्ये दोन काकूंनी बाबांचं अभिनंदन केलं. बाबांनी हात जोडले. घरी येताना गाडीत ते डोळे मिटून बसले, आणि मला वाटलं, दमले असतील.

रविवारी सकाळी मी पोहे केले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. पॅरिसला दुपार, इथे नाश्त्याची वेळ. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. घोडे जुन्या पवनचक्कीजवळून सुटले, चढ चढले, उजवीकडे उतरत वळले. मग एकदम समोर सरळ रस्ता दिसला आणि पुढचा एक जॉकी जोर लावून निघाला.

"गेला कामातून," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, सगळ्यांच्या पुढे आहे तो!"

"हा फॉल्स स्ट्रेट आहे. फसवा. सरळ दिसतो, म्हणून वाटतं आलं, मारा टाच. इथून पुढे अजून एक वळण आहे, आणि खरा सरळ रस्ता त्यानंतर. नवखे इथेच दम घालवतात."

आणि तसंच झालं. खऱ्या सरळीवर तो घोडा थकला, एकेक करून बाकीचे त्याला मागे टाकत गेले. जिंकला कोणी भलताच. बाबांनी टाळी वाजवली, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही काल तेच केलंस."

त्यांना काय म्हणायचंय ते कळायला मला एक क्षण लागला. मग माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुम्हाला राहायचं नाहीये? मग सांगायचं ना तसं! मी खोली केली, लोकांना सांगितलं..."

"मी बघू म्हटलं होतं."

"बघू म्हणे! आणि तिथे कोण आहे तुमचं? पडलात, लागलं, तर कोण बघणार आहे?"

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "इथे मला जो भेटतो तो विचारतो, कधी आलात, कधीपर्यंत आहात. तिथे मला असं कोणी विचारत नाही. सकाळी रेसकोर्सच्या कठड्याशी उभा राहिलो तर कोणाला नवल वाटत नाही. इथे तू आहेस. पण तू सोडून इथे माझं काही नाही गं."

"मी पुरत नाही का?" मी विचारलं. नको ते बोलून गेले. त्यांनी पोह्यांची बशी उचलली आणि विसळायला आत नेली.

दोन आठवड्यांनी नवऱ्याने आणि मी त्यांना डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडलं. माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर वर्षभर गेला नाही. मी रोज फोन करायचे, पण विचारपूस केल्यासारखा नाही, उलटतपासणी केल्यासारखा. औषध घेतलं का? बाई आली का? कोणी आलं होतं का? त्यांचं प्रत्येक 'नाही' मला माझ्या बाजूचा पुरावा वाटायचा. तिथे त्यांना कोणी नाही, हे मला त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

पुन्हा ऑक्टोबर आला. रविवारी सकाळी बाबांचाच फोन. "घोडामैदान जवळ आलं. लावलंस का?" तिकडे संध्याकाळ होती. त्यांनी शेजारच्या मुलाकडून टीव्हीवर जोडून घेतलं होतं, मी इथे लॅपटॉप उघडला. फोन स्पीकरवर ठेवला. मी पोहे केले नव्हते. नवरा बाहेरगावी होता, एकटीसाठी कोण करणार!

"सुटले!" बाबा ओरडले.

माझ्या स्क्रीनवर घोडे अजून फाटकाच्या आत शिरत होते. शेवटचा एक अडून बसला होता. माझं चित्र मागे होतं, त्यांचं पुढे.

"बाबा, माझे अजून उभेच आहेत."

पलीकडे एकदम शांत झालं. आधी त्यांच्या टीव्हीवरचा समालोचक ऐकू येत होता, तोही बंद झाला. त्यांनी आवाज काढून टाकला होता. मग माझे घोडे सुटले. चढ चढले, वळले. फोनमधून फक्त त्यांचा श्वास येत होता, आधी भराभर, मग एकदा रोखलेला, मग लांब सोडलेला. त्यांची शर्यत संपली होती. कोण जिंकलं ते त्यांना माहीत होतं.

"कुठे आलेत गं?" त्यांनी विचारलं.

"फॉल्स स्ट्रेटवर."

"मग घाई नाही. बघ निवांत."

मी बघितलं. खऱ्या सरळीवर दोन घोडे अगदी डोक्याला डोकं लावून आले आणि शेवटच्या क्षणी एकाने मान पुढे काढली. मी मोठ्याने नाव सांगितलं.

"काय सांगतेस!" बाबा म्हणाले. लहान मुलासारखं, अगदी खरं आश्चर्य. "तो जिंकला? वा!"

मी 'हो' म्हटलं. वर्षभर मी त्यांना विचारत होते, तिथे तुमचं कोण आहे, आणि त्यांनी तिथे बसून माझ्यासाठी निकाल पोटात ठेवला होता. मला रडू आलं. पण ते मी त्यांना कळू दिलं नाही. फोन तसाच चालू ठेवला आणि ती शर्यत कशी झाली ते पहिल्यापासून सांगायला लागले, आणि बाबा मध्येमध्ये "मग? मग?" म्हणत राहिले.