हार्वच्या डोक्याएवढी जागा

कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तर भागात ओरेस्ट ह्नात्यूकनं एकोणऐंशी साली घर बांधलं, तेव्हा तळघरातल्या न्हाणीघराच्या छताखालून गरम हवेचा डक्ट नेला. पत्रा कापण्यापासून सांधे बसवण्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. पत्र्याच्या कामात त्यानं पुढे जन्म काढला. उंची पाच फूट चार इंच. डक्ट कुणाच्या डोक्याला लागेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग लेकीनं, लारिसानं, सव्वासहा फुटी हार्व फ्रीझनशी लग्न केलं. ओरेस्टच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तशी दोघं तळघरात राहायला आली, आणि न्हाणीघर नव्यानं करायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात हार्वच्या कपाळाला दोनदा खोक पडली.

"डक्ट सरकवावा लागेल," लारिसा म्हणाली.

"डक्ट जागच्या जागी आहे. तुझा नवराच जास्त वाढलाय."

"राहू द्या बाबा," हार्व हसून म्हणाला, "मला सवय झालीय वाकायची."

हे मात्र ओरेस्टला लागलं. हार्व भांडला असता तर परवडलं असतं. दोन दिवस तो कागदावर रेघा ओढत बसला. डक्ट भिंतीच्या कडेनं वळवून पुन्हा जुन्याच भोकातून वर न्यायचा. वर त्याच्या बायकोची, स्टेफीची, शिवणाची खोली होती. दोन वळणं वाढली की हवेचा जोर कमी होणार, म्हणून त्यानं मोठ्या गोलाईची वळणं स्वतःच पत्र्यातून कापून घडवली.

शनिवारी लेक-जावई बाजारात गेल्यावर त्यानं घर तापवणारी भट्टी बंद केली आणि शिडी लावली. बाहेर उणे एकतीस. जुना तुकडा खाली उतरला, आणि छतातल्या भोकातून स्टेफीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती बहिणीशी फोनवर बोलत होती.

"एकटाच करतोय गं. त्याचे हात थरथरतात ते मला दिसत नाही, असं वाटतं त्याला. मी इथं कोट घालून बसलेय. पडला तर निदान कळेल तरी."

ओरेस्ट हळूहळू शिडीवरून उतरला. हार्व येईपर्यंत, घर गार पडत असतानाही, त्यानं कशाला हात लावला नाही.

"हे वर धर," हार्व आल्यावर तो म्हणाला. "तुला शिडी लागायची नाही."

"वाकडं धरलं तर?"

"ओरडेन. ऑपरेशन छातीचं झालंय, घशाचं नाही."

चार वाजता भट्टी पुन्हा सुरू झाली. स्टेफीनं शिवणाच्या खोलीतल्या, गरम हवा येते त्या जाळीवर हात धरला.

"येतेय हवा. पण पूर्वीपेक्षा कमी."

"किती कमी?"

"स्वेटर घालेन मी. जेवायला चला दोघं, कोबीच्या पानांत भात भरून होलुब्त्सी केलेत."

ओरेस्ट जेवला, पण त्याचं लक्ष ताटात नव्हतं. रविवारी हार्व चर्चमधून आला, तसा ओरेस्टनं त्याच्या हातात पत्र्याची कात्री दिली आणि एक वळण आणखी रुंद करायला बसवलं. आपण फक्त बॅटरी धरून उभा राहिला. हार्वनं कापलेली कड नागमोडी गेली.

"पुन्हा कापू का?"

ओरेस्टनं कडेवरून बोट फिरवलं. "चालेल. वरून पट्टी बसेल."

संध्याकाळी स्टेफीनं वरूनच सांगितलं, स्वेटर काढलाय. न्हाणीघरात हार्व ताठ उभा राहून दाढी करत होता, आणि ओरेस्ट दारात उभा राहून ते बघत होता.