खोबरेलावरचं इंजिन

नाशकात बिऱ्हाड करायला निघालो, त्या प्रवासात मी बायकोला गाडीत विसरलो. तशी ती गाडीतच सुखरूप बसली होती. बाहेर राहिलो तो मी. पण ही गोष्ट सांगताना ती "मला विसरले" असंच म्हणते, आणि इतकी वर्षं ऐकून आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

झालं असं. आगबोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडी, असा आमचा प्रवास. इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबते, कारण घाट चढवून आणलेलं विजेचं इंजिन तिथं सोडवतात आणि पुढं कोळशाचं जोडतात. हिनं तांब्या हातात दिला नि म्हणाली, "पाणी तेवढं आणा." मी उतरलो, तांब्या भरला, आणि डब्याकडे वळायच्या ऐवजी पाय आपोआप पुढं चालू लागले. काळंभोर धूड वाफ सोडत मागं मागं येत होतं, आणि रुळांत उभा राहिलेला एक माणूस हात हलवून त्याला बोलावत होता, संध्याकाळी गाईला गोठ्यात बोलवावं तसा. आमच्या गावात रेल्वे नाही, तालुक्यात नाही, अख्ख्या जिल्ह्यात नाही. असल्या मुलखातला माणूस हे दृश्य सोडून पाणी घेऊन परत जाईल, अशी अपेक्षा करणंच चूक. शिट्टी झाली तेव्हा मी इंजिनाच्या चाकाशी तोंड उघडं टाकून उभा होतो. मग पळापळ. भरला तांब्या घेऊन धावताना पाणी सांडू नये म्हणून माणूस जपतो, आणि जपला की मागं पडतो. शेवटच्या डब्याचा दांडा कसाबसा हाती लागला.

नाशिक रोडला उतरून पाहतो तो ही फलाटावर उभी. भोवती ट्रंक, वळकटी, लोणच्याच्या बरण्या आणि नारळांचं पोतं. डब्यातल्या कुणा भल्या माणसाकडून तिनं सगळं उतरवून घेतलं होतं. डोळे लाल, पण आवाज शांत.

"जोडलं का इंजिन नीट?" तिनं विचारलं. मग तांब्यात डोकावून पाहिलं. तांब्या रिकामा होता.

गावाकडची मंडळी मला विचारतात, आणि माझ्यासारखे पोटासाठी बाहेर पडलेलेही विचारतात, की तू नाशकात रुजलास कसा? त्याचं उत्तर त्या रिकाम्या तांब्यापासून सुरू करावं लागतं. निघताना बंदरावर माझे वडील, म्हणजे आप्पा, आगबोटीपाशी नेणाऱ्या होडीपर्यंत पोचवायला आले होते. आईनं डोळ्यांना पदर लावला. आप्पा तसल्यातले नव्हेत. ते होडी लोटताना एवढंच म्हणाले, "जमलं तर राहा. नाही जमलं तर ये. लाज वाटून घेऊ नको मेल्या, घर तुझंच आहे." आणि खोबरेल तेलाचा एक डबा हातात दिला. आमच्याच नारळांचं, आमच्याच घाण्यावर काढलेलं.

नाशकात कचेरीतली कारकुनी होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. कोकणातल्या घराला दारं मोजायची नसतात. ज्याला जिकडून यायचं तिकडून तो येतो. इथं एकच दार, आणि तेही समोरच्या गल्लीला विचारून उघडावं इतकं जवळ. आमच्या हिनं, म्हणजे रमानं, पहिल्याच दिवसापासून नाशकाला नावं ठेवायला घेतली. पाण्यात डाळ शिजत नाही. तांदळाला वास नाही. नारळ म्हणून जे विकतात त्याला आमच्याकडे शहाळ्याची करवंटी म्हणतात. थंडीनं ओठ फुटतात. भागूबाई माळीण दारावर भाजी घेऊन यायची. तिच्यासमोर हे पारायण रोज व्हायचं. भागूबाई पाटी उतरवून पायरीवर बसायची नि म्हणायची, "व्हय ताई, थंडी लय हाय. पन मेथी घ्या, थंडीचीच मेथी गोड." ही नावं ठेवत ठेवतच मेथी घ्यायची.

मी मात्र नावं ठेवायच्या भानगडीत पडलो नाही, कारण मला इंजिनं सापडली होती.

देवळालीच्या छावणीतल्या किंवा इगतपुरीच्या रेल्वे बंगल्यांतल्या साहेबांची बदली झाली की घरातलं सामान फुंकून टाकतात. त्यातली मोडकी खेळणी भद्रकालीच्या जुन्या बाजारात येतात. तिथं एका टोपलीत फुटक्या बशांखाली मला पहिलं इंजिन दिसलं. पत्र्याचं, चावीचं, हिरव्या रंगाचं, वर पितळी घुमट. एक चाक नाही, स्प्रिंग तुटलेली. मी ते घरी आणलं तेव्हा रमानं विचारलं, "हे काय?"

"इंजिन."

"चालतं?"

"चालेल."

"म्हणजे नाही," असं म्हणून ती आत गेली.

त्याच बाजारात रहीमचाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी जुन्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग काढून बसवून दिली, गेलेलं चाकही जमवून दिलं. मग एकाचं दुसरं झालं. जर्मन बनावटीचं काळं, लाल पट्ट्याचं. दोनच चाकं शिल्लक राहिलेलं एक. आणि एक असं, की ते पुढं जाण्याऐवजी फक्त मागंच जायचं. त्याला मी फार जपलं, कारण स्वभाव जुळत होता. रविवारी सकाळी मी पायरीवर पंचा पसरून बसायचो. रॉकेलच्या चिंधीनं गंज काढायचा, पितळेला चिंच लावायची, बोटभर कुंचल्यानं उडालेला रंग भरायचा. देवाची भांडी घासायला काढलेली चिंच मी पळवतो हे रमाला माहीत होतं. ती चिंचेचे दोन गोळे करू लागली, एक देवाचा, एक इंजिनांचा. देवाचा लहान असायचा, असं मी म्हटलेलं तिला अजून आवडत नाही.

मांडायची कुठं, हा खरा प्रश्न. भिंतीत एकच लांब फळी, आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या. बराच वाद होऊन तह झाला: एक बरणी, एक इंजिन, एक बरणी, एक इंजिन. लांबून पाहिलं की वाटायचं, लिंबाच्या लोणच्याची मालगाडी उभी आहे.

असं चाललेलं असताना एका थंडीत आप्पा आले. बरोबर खोबरेलाचा नवा डबा होता. सांगायला त्र्यंबकेश्वराचं दर्शन, पण पहिल्या संध्याकाळीच त्यांनी खरं काय ते बोलून टाकलं. धाकट्या भावाला मुंबईस नोकरी लागली, घरात ते आणि आई दोघंच उरले, माडांची बाग पाहायला माणूस नाही. "तुम्हा दोघांना न्यायला आलोय," ते म्हणाले. "परवा निघू."

मी रमाकडे पाहिलं. ती ताटं मांडत होती. मान वर केली नाही. मला राहायचं होतं, पण तसं म्हणायचं कोणत्या तोंडानं? इथल्या पाण्यापासून थंडीपर्यंत प्रत्येक गोष्टीनं गांजलेली बायको, तिकडे म्हातारे आईवडील, आणि मध्ये मी, फळीवरच्या पत्र्याच्या इंजिनांसाठी हटून बसलेला. ती एकदा "जाऊ या" म्हणाली असती तर संपलंच होतं. नोकरीचा राजीनामा, इंजिनं पुन्हा टोपलीत, आणि आम्ही आगबोटीवर.

म्हणून मी एक बेत केला. आप्पांनी आगगाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती या प्रवासात. माझी हिरवी गाडी रुळांवर फिरताना पाहिली, तर पोरगा इथं रमलाय, रिकामा बसलेला नाही, हे त्यांना न बोलता कळेल, असं माझं गणित. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा हट्टानं रामकुंडावर अंघोळीला गेले आणि पंचा गुंडाळून दात वाजवत परत आले. त्यांना घोंगडी पांघरून पाटावर बसवलं. समोर पत्र्याचे रूळ जोडून गोल केला. फळीवरून एकेक इंजिन उतरवून ओळीनं मांडलं.

"देव कुठं आहेत?" आप्पांनी विचारलं.

"कोनाड्यात."

"मग ठीक. मला वाटलं, हेच."

मी हिरव्याला पूर्ण चावी दिली आणि रुळावर ठेवलं. ते जागचं हललं नाही. ढोसलं, तरी नाही. काळं घेतलं. तेही तसंच. मागं जाणारं तरी मागं जाईल म्हणून पाहिलं, तर त्यानंही मान टाकली. दिवाळीत सगळी मस्त पळत होती! माझ्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. "स्प्रिंगा गेल्या," मी म्हणालो. "एकदम सगळ्यांच्या."

आप्पांनी घोंगडीतून हात काढला, हिरवं उचललं, उलटं केलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"खोबरेल घातलंस?"

घातलं होतं. रहीमचाचांनी घड्याळाच्या पातळ तेलाची इवलीशी कुपी दिली होती. "बस्स दोन थेंब, साहेब, जास्त नको," असं बजावून. ती पावसाळ्यात संपली. नवी आणायची कशाला, घरचा डबाच्या डबा असताना? गावी कुलपांना, बिजागऱ्यांना, रहाटाला, आजीच्या गुडघ्यांना, सगळ्याला आम्ही तेच लावतो. दसऱ्याच्या सुमारास मी प्रत्येक इंजिनाच्या पोटात ते मनसोक्त ओतलं होतं. आता तिथं मेणासारखा पांढरा थर बसला होता आणि दातेरी चाकं त्यात रुतली होती.

आप्पांनी नखानं तो थर खरवडला, बोटांवर चोळला. "आपल्याच घाण्याचं आहे," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बघ वासू. आपलं तेलसुद्धा इथं थिजतं. मग माणसांचं काय होत असेल? चला घरी."

मला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं पुरावा तयार करून मी तो आप्पांच्या पुढ्यात मांडला होता.

तेवढ्यात रमा आतून आली. तिनं आप्पांच्या हातातलं इंजिन घेतलं, मग बाकीची पदरात भरली आणि बाहेर पायरीवर उन्हात नेऊन ठेवली. तिथं तिची केसांच्या तेलाची बाटली आधीच उभी होती. ती बाटली सगळी थंडी रोज सकाळी तिथं असते. कचेरीत जाताना मी ती रोज ओलांडतो. ती तिथं का असते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मामंजी, थिजतं खरं," ती म्हणाली. "पण जरा उन्हात ठेवलं की सुटतं."

भागूबाई पाटी घेऊन आली होती. ओळीनं मांडलेली इंजिनं पाहून ती थबकली. "वाळवन घातलं का काय, ताई?" रमा हसली. आप्पाही पायरीवर येऊन उन्हाला बसले. आम्ही तिघं आणि भागूबाई, तेल विरघळायची वाट पाहत. आप्पांनी भागूबाईला मेथी कशी पेरतात विचारलं, तिनं त्यांना माडाला किती वर्षांनी फळ येतं विचारलं. मग हिरव्याच्या पोटातून करकर आवाज आला आणि चावी शिल्लक असल्यामुळे ते स्वतःहूनच पायरीवरून खाली उडी मारून मेथीच्या जुड्यांत शिरलं. खोबरेलाचा वास सगळ्या गल्लीत पसरला.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर ते रमाला म्हणाले, "सूनबाई, याला विचारण्यात अर्थ नाही. तू सांग. यायचंय घरी?"

मी मेथीतून इंजिन शोधायच्या निमित्तानं खाली वाकलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

"आंब्यांच्या दिवसांत येऊ, मामंजी," रमा म्हणाली. "चांगलं महिनाभर राहू. पण पावसाच्या आत नाशकात परत यायला हवं."

आप्पा काळं इंजिन उचलून त्याची चाकं बोटानं फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. बाग चुलतभावाकडे अर्धेलीनं लावतो. त्याचा कधीचा डोळा आहे." आणि माझ्याकडे पाहून, "तू तेवढं पातळ तेल आण रे. हे डोक्याला ठेव. तुला डोक्यालाच जास्त गरज आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांना नाशिक रोडला गाडीत बसवून दिलं. मागं जाणारं इंजिन त्यांनी मागून घेतलं, आईला दाखवायला. आता ते गावी ओसरीच्या कोनाड्यात असतं, आणि माझी फळी तेवढीच रिकामी आहे. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे जिथून निघालो ते. हल्ली आम्ही आगबोटीवर चढताना आई विचारते, "घरी कधी पोचाल?" आणि ती नाशकाबद्दल विचारते आहे हे तिच्याही लक्षात येत नाही.

त्या दिवशी स्टेशनावरून टांग्यात परतताना मला राहवेना. रमाला म्हटलं, "रोज उठून पाण्याला, तांदळाला, थंडीला नावं ठेवतेस. मला वाटलं होतं, तू ट्रंक भरूनच बसलेली असशील."

ती वाऱ्यापासून कान झाकत म्हणाली, "अहो, लोकांकडे जेवायला गेलं आणि आमटीत मीठ कमी असलं, तर बोलतो का आपण? मुकाट्यानं जेवतो. ओरडायचं ते आपल्याच घरी. शी, काय मेली ही थंडी तरी!"